केळीच्या पानाची फाइल

नाना,

तुमच्या सगळ्या डिझाइन माझ्या हातून गेल्या. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. चोरी झाली नाही, आग लागली नाही, तापीला पूरही आला नाही. मीच, या माझ्या दोन डोळ्यांनी स्क्रीनकडे बघत, माझ्याच बोटाने डिलीट दाबलं आणि वर निवांत चहा प्यायले. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. असतात तर आठ दिवस माझ्याशी बोलला नसतात, हे मला पक्कं माहीत आहे. तुमचं रागावणं तसंच होतं. आवाज नाही, आदळआपट नाही, नुसतं ताट पुढे ओढायचं, मान खाली घालून जेवायचं, आणि मायने विचारलं, "काय झालं?" की म्हणायचं, "तिलाच विचार." तर आता मलाच विचारा. सगळं सांगते.

माझी पोरगी लग्न ठरलेल्या घरी सांगते की माझे आजोबा पंचिंग करायचे, तर त्या लोकांना वाटतं बसच्या तिकिटाचं. मग मला मध्ये पडावं लागतं. साडीवरची एम्ब्रॉयडरी मशीन काढते हे खरं, पण सुईने कुठून निघायचं, कुठे वळायचं, कुठे थांबायचं, हा एकेक टाका आधी माणसाने कॉम्प्युटरवर आखून द्यावा लागतो. त्याची फाइल मशीनला दिली की बारा सुया एका दमात बारा ठिकाणी तेच फूल काढतात. हे आखून द्यायचं काम माझे वडील करायचे, आता मी करते, असं सांगितलं की ते लोक "अच्छा अच्छा" म्हणतात आणि दुसरा विषय काढतात. जाऊ दे. त्यांना कुठे माहीत आहे की नवागामच्या आपल्या एका खोलीत, गॅसच्या ओट्याला चिकटून ठेवलेल्या त्या कॉम्प्युटरवर तुम्ही अख्ख्या साडी-मार्केटची कामं काढलीत. खोलीत प्लगच तिथे होता, त्याला कोण काय करणार? माय फोडणीत मिरची टाकते आहे, तुम्ही मोराची मान वळवता आहात, मी शेजारच्या स्टुलावर बसून बघते आहे, आणि तिघंही एकदम खोकतो आहोत. माझं सगळं शिक्षण त्या ठसक्यातच झालं.

आणि तुमचे ते पेनड्राइव्ह! शर्टाच्या खिशात दोन, पाकिटात एक, डाळीच्या डब्याशेजारच्या डब्यात बाकीचे. प्रत्येकावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने मोर, कैरी, जाळी, केळी. तुम्ही ते सायकलवरून पर्वत पाटियाच्या गर्दीतून न्यायचात तेव्हा दर चौकात एकदा खिसा चाचपायचात. मी कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले, चार गोष्टी शिकून आले, आणि एक दिवस तोंड वर करून म्हणाले, "नाना, आता इंटरनेटवर ठेवता येतं सगळं. वर ठेवायचं, पाहिजे तिथे उतरवून घ्यायचं. हे मुंग्यांसारखं नेणं-आणणं कशाला?" तुम्ही चष्मा काढून पुसलात.

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे... त्यांच्या कॉम्प्युटरवर."

"त्यांच्या म्हणजे कोणाच्या? पत्ता सांग. मी बघून येतो."

मी काय पत्ता सांगणार! तुम्ही म्हणालात, "ज्याच्या घराचा पत्ता माहीत नाही त्याच्याकडे मी माझं सामान ठेवत नाही," आणि चष्मा परत नाकावर. मला इतका राग आला होता की मी त्या दिवशी तुमच्या चहात साखर टाकली नाही. तुम्ही तो तसाच प्यायलात, वर "चांगला झालाय" म्हणालात. तुमच्यापुढे मी कायमचे हात टेकले होते.

दसऱ्याची गोष्ट तर मी अजून लोकांना सांगते. खंडेनवमीला बाकीच्यांच्या घरी कात्री, पाना, पक्कड पुजतात. तुमचं हत्यार म्हणजे पेनड्राइव्ह, म्हणून मायने तेच ताटात मांडले. पाण्याचा शिंतोडा, हळद, फूल, सगळं यथासांग. टोपणं काढून ठेवली होती, कारण टोपण घातलेल्या वस्तूची पूजा पोचत नाही असं तिला वाटलं. मग कुंकवाचं बोट हातात धरून ती अडली. "देवले कपाळले लावतस, याले कोठे लावू मी?" तुम्ही कामात होतात, न बघताच "लाव कुठेही" म्हणालात. तिने प्रत्येकाच्या चकचकीत पत्र्याच्या तोंडाला ओलं कुंकू भरून लावलं, अगदी आतपर्यंत, मनापासून. दुसऱ्या दिवशी मशीनने एकही फाइल उघडली नाही. सहाच्या सहा गेले. तुम्ही संध्याकाळी घरी आलात, ताटातलं ते वाळलेलं फूल उचललंत, आणि मायकडे बघून इतकंच म्हणालात, "तू काय कमी केलं नाहीस, देवानेच जास्त घेतलं." ती तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडतही होती. त्या दिवसापासून घरात नियम झाला. प्रत्येक फाइलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर, एक खिशात आणि एक घरात. आणि दोन्ही एका ताटात कधीही ठेवायच्या नाहीत.

आता माझी बाजू ऐका. मी काही वेडी नाही, नाना. क्लाउडचं मला कौतुक आहे आणि ते खोटं नाही. कडोदऱ्याहून ऑपरेटरचा फोन येतो, "बेन, लिंक मोकलो ने," आणि मी इकडे भेंडी चिरता चिरता फोनवरून लिंक पाठवते. तिकडे दोन मिनिटांत मशीन सुरू. शेठला पान अर्ध्या इंचाने लहान पाहिजे असलं तरी मी घरातून हलत नाही. इथे बदललं की तिथे बदलतं. पूर्वी पेनड्राइव्ह घेऊन उन्हातून जा, तिथे व्हायरस घे, तो घरी आण, कॉम्प्युटर झोपव, हे वर्षानुवर्षं केलंय मी. ऑपरेटर लोक तर पेनड्राइव्ह बिडीच्या पाकिटात ठेवून विसरायचे. क्लाउडने माझी ती सगळी कटकट संपवली. पोरगी म्हणाली, "मम्मी, आजोबांचं पण वर टाकून दे, पेनड्राइव्ह काय कायमचे टिकत नाहीत." तिचं बरोबरच होतं. दोन-चार तर तेव्हाच उघडत नव्हते. दोन रविवार बसून मी तुमचं सगळं वर चढवलं आणि त्या फोल्डरला नाव दिलं 'नाना'. मग मोठ्या रुबाबात ते पेनड्राइव्ह पुसून साफ केले आणि ज्या कारखान्यांत अजून जुन्या मशीन आहेत तिथे वाटून टाकले.

पुढे काय झालं ते लिहायला लाज वाटते. कॉम्प्युटर भरला. सारखी सूचना यायला लागली, जागा नाही, जागा नाही. मी बघितलं तर तुमचा फोल्डर कॉम्प्युटरवरही दिसत होता. मी म्हटलं, वर आहेच की, खालचा कशाला पाहिजे? उडवला. खालचा आणि वरचा एकच होता, नाना. खाली पुसलं की वर आपोआप पुसलं जातं. पोरगीने मला हे सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा हो हो केलं असणार. पुसलेलं महिनाभर कचऱ्याच्या डब्यात राहतं, तेवढ्यात काढलं तर मिळतं. मला कळलं तेव्हा दीड महिना उलटला होता. तुम्ही मेहनतीने दोन प्रती ठेवायचात, आणि मला वाटत होतं की माझी एक प्रत सगळीकडे आहे म्हणजे माझ्याकडे खूप प्रती आहेत. कपाळ माझं! खरी दुसरी प्रत ती, जिला पहिलीचं काय झालं ते कळतच नाही. एवढी साधी गोष्ट कुंकवाच्या एका बोटाने तुम्हाला शिकवली, आणि मी वीस वर्षं या धंद्यात काढून शिकले नाही.

मला कळलं ते मायमुळे. माय आता माझ्याकडेच असते, गुडघे दुखतात, पण जीभ शाबूत आहे. नातीच्या लग्नाची खरेदी चालली होती. मी तिला विचारलं, "माय, तुला कशी साडी घेऊ?" तिने जन्मात कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाली, "मी ती केळीनी किनारनी साडी नेससू. त्यासनी काढेल."

तुमची केळीच्या पानाची किनार! सगळं मार्केट मोर आणि कैऱ्या काढत होतं तेव्हा तुम्ही रावेरकडच्या बागेतलं वाऱ्याने फाटलेलं पान काढलंत. शेठ म्हणाला होता, "मास्टर, फाटेलुं पान कोण पहेरशे?" फाटकं पान कोण नेसणार म्हणे! आणि मग तीच किनार अशी चालली की बाराच्या बारा सुयांना दोन हंगाम दुसरं काम नव्हतं. फाटलेल्या पानाच्या एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर मशीन उडी मारते तेव्हा साडीच्या मागच्या बाजूला धागा लोंबता राहतो. ते धागे कापायला साड्यांचे गठ्ठे नवागामच्या घराघरांत यायचे. आपल्याही घरी यायचे. मायने तुमच्या पानाचे धागे किती साड्यांवर कापले असतील, तिच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडला होता. पण गठ्ठा दुसऱ्या दिवशी मोजून परत जायचा. ती म्हणाली, "शंभर बायास्ना अंगवर गयी, मना अंगवर एकदाव बी नई उनी." हे ती तक्रार म्हणून बोलली नाही, भाजी निवडता निवडता बोलली. मी मात्र तिथून उठले ते सरळ कॉम्प्युटरवर जाऊन बसले, फोल्डर उघडायला गेले, आणि फोल्डर नव्हता.

नाना, मी घाबरले. तुमच्या दोनशे डिझाइन गेल्याचं दुःख नंतर आलं, आधी मायची भीती वाटली. शहात्तर वर्षांच्या बाईने आयुष्यात एक गोष्ट मागावी, आणि तिच्या पोरीने तीच पुसून टाकलेली असावी! तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. "काढते, माय," एवढं बोलले आणि धावपळ सुरू केली. वाटलेले पेनड्राइव्ह शोधले. त्यांवर तोवर नव्या फाइलींचे इतके थर चढले होते की पुसलेलं परत काढून देणाऱ्या दुकानदाराने हात जोडले. मग मला आठवलं की मशीनच्या स्वतःच्या पोटातही थोड्या डिझाइन साठवलेल्या राहतात. तुम्ही शेवटी ज्या कडोदऱ्याच्या कारखान्यात फाइल द्यायचात तिथे गेले. मशीन तीच आहे. तुमचा ऑपरेटरही तोच आहे, आता केस पांढरे झालेत त्याचे. तो म्हणाला, "ताई, बोर्ड दोनदा बदलला. मशीनला मास्टर आठवत नाहीत आता, मला आठवतात." मी तिथेच पायरीवर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. त्याने मला बसायला स्वतःचं स्टूल आणून दिलं. मी बसायला गेले आणि थांबले. स्टुलाच्या गादीला जो कपडा शिवला होता त्यावर तुमचं पान होतं.

चाचणीचा तुकडा होता तो, कधीतरी नवी फाइल चालवून बघितलेला. याने गादीला लावला. त्याचे तर कानच लाल झाले. "ताई, माफ करा, बारा वर्षं मास्टरांच्या पानावर बसतोय मी." मी रडता रडता हसायला लागले. म्हटलं, अहो, बसा, पण आज गादी मला द्या. बसून बसून अर्धं पान झिजून गेलं होतं, उरलेल्यावर तेलाचे डाग. पण एक बाजू शाबूत होती, तीन फाटी स्पष्ट दिसत होत्या. तेवढ्यावरून मी चार दिवस बसून पान पुन्हा आखलं. तुमची फाट ज्या कोनात वाकते तो कोन मला येईना. शेवटी बाजारातून खरं पान आणलं आणि पंख्याखाली धरलं. पोरगी बघत होती, तिला वाटलं आई बिघडली. मी मुद्दाम तिच्यासमोरच चौथ्या दिवशी फाइल तयार केली, क्लाउडवर ठेवली, आणि शिवाय एक पेनड्राइव्ह विकत आणून त्यावरही ठेवली.

परवा साडी तयार होऊन आली. मोरपंखी रंग, तुमच्याच हिरव्या-पिवळ्या धाग्याची किनार. मी ती मायच्या मांडीवर ठेवली आणि ठरवून ठेवलेलं वाक्य बोलले, "घे, नानांची किनार." तिने वरून हात फिरवला. पानाच्या फाटीत बोट घातलं. "हां," म्हणाली, "हाईच." मला वाटलं, सुटले. आणि मग माझ्या मायने ती साडी उलटी केली.

अर्थात उलटी केली. बाकीच्या बायकांनी ती किनार वरून बघितली, हिने आयुष्यभर मागून बघितली होती. चष्मा न लावता तिने अंगठ्याने मागची बाजू चाचपली, वीतभर, मग हातभर. मग माझ्याकडे बघितलं.

"त्यासनं पान मांगून इतलं साफ नव्हतं व माय. एकेक पट्टीले दोरा लोंबे. मना अंगठा गया त्यासना पायी."

मी आखते तेव्हा सुईला उडी मारू देत नाही, धागा पानाच्या आतूनच पुढे नेते; ती सवयच मला नडली. मी सगळं सांगून टाकलं. फोल्डर, डिलीट, पेनड्राइव्ह, गादी, सगळं. मला वाटलं रडेल, नाहीतर तुमच्यासारखं गप्प होईल. ती साडीची घडी घालत राहिली आणि म्हणाली, तुमच्या शेवटच्या दोन वर्षांच्या साड्याही अशाच मागून साफ यायला लागल्या होत्या. कापायला धागेच नसायचे. "तवयच मी वळखं, हाई पोरनं काम शे. त्यासले मी सांगं नई. तू बी सांगू नको."

मायने बजावलंय, तेव्हा हा कागद मी कुठेही धाडणार नाही, वरही नाही आणि खालीही नाही. पण तुम्हाला आठवत असेल, नाना, साखरेच्या आजाराने डोळे अधू झाल्यावर तुम्ही स्क्रीनला नाक लावून काम करायचात, आणि संध्याकाळी घरी आल्यावर मायला मोठ्याने सांगायचात, "आज एकदाही धागा तुटला नाही. हात अजून तोच आहे." मी शेजारी बसून "हो नाना" म्हणायचे. सकाळी मी तुमच्याकडे कामाला यायचे, आणि तुम्ही आंघोळीला गेलात की तुमच्या खिशातल्या पेनड्राइव्हवरची फाइल उघडायचे. रोज उघडायचे.